उघडणारं छप्पर

जुन्या गाड्या विकता विकता माझे केस पिकले, पण असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. नोकरी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, रोजची जा-ये, आणि बाईंना हवी उघडणाऱ्या छपराची गाडी! इंजिन बघेनात, टायर बघेनात. नुसतं बटण दाबून छप्पर उघड, बंद कर, पुन्हा उघड. नवरा गाडीत बसायलाही तयार नव्हता. बाहेरच येरझाऱ्या घालत होता.

शेवटी मी वैतागलो. "ताई, रोजच्या धुळीत ही असली हौस कशाला? साधी, भरवशाची गाडी घ्या ना!"

त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

"भरवशाचीच शोधतेय, दादा."



"मागच्या गाडीचं छप्पर कापून लेकीला बाहेर काढेपर्यंत फार उशीर झाला होता."