एकहाती

गॅरेजवाल्याच्या डायलिसिसला तिसरं वर्ष लागलं, तेव्हा कुठे डॉक्टरांचा तो फोन आला. गाडीखालून बाहेर सरकत त्याने फोन स्पीकरवर टाकला. बायको शेजारीच उभी होती.

"किडनी मिळतेय, पण अव्वल दर्जाची नाही. दाता अडुसष्ट वर्षांचा होता, रक्तदाबही होता. घ्यायची की नाही, ते तासाभरात सांगा."

जुना पार्ट गॅरेजवाल्याने जन्मात कधी डोळे झाकून घेतला नव्हता.

"आधी कधी उघडलीये का?"

"नाही."

"किती हातांतून गेलीये?"

"एकहाती आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांची गाडी याच गॅरेजात यायची.

"आणि गॅरंटी?"

"माझ्या क्लचची तुम्ही दिली होती, तेवढीच."

"म्हणजे काहीच नाही!" गॅरेजवाला जरा वरमला, पण हटला नाही. "मग थांबतो मी. नवीकोरी नसेना का, पण याहून कमी चाललेली येईलच की कधीतरी."

"येईल. दोन वर्षांनी येईल, तीन वर्षांनी येईल," डॉक्टरांचा आवाज खाली आला. "पण मला पार्टची काळजी नाहीये हो. गाडीची आहे."

गॅरेजवाल्याने फडक्याला हात पुसले. ते स्वच्छ झाल्यावरही तो पुसतच राहिला. शेवटी बायकोने फोन उचलून कानाला लावला.

"तुम्ही तयारीला लागा, डॉक्टर. गाडी टोचन लावून आणते."