वीतभर निळा

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सासऱ्यांनी बांधलेला तो लाकडी बंगला वारसा यादीत गेला, तेव्हा काकूंनी देवाला हात जोडले. आता त्याला कुणी पाडणार नव्हतं. पण यादीचा नियम असा, की भिंतींना मूळचाच रंग हवा. म्हणजे काकांनी हौसेनं स्वतःच्या हातानं दिलेला निळा खरवडून निघणार.

"वीतभर जुना रंग नमुना म्हणून ठेवता येतो, काकू," रंगारी म्हणाला. "कुठला ठेवू?"

काकूंनी व्हरांड्यातल्या दाराशेजारच्या फळीवर हात ठेवला. "हा."

"अहो, तो नको! तिथं कुणीतरी ओल्या रंगाला बोट लावलंय. ठसा बघा केवढा! खिडकीखालचा घ्या, अगदी गुळगुळीत आहे."

"हाच राहू दे."

"कोण हो एवढं उतावळं?"

"आमचे हे. कुंचला खाली ठेवला की लगेच, 'वाळला का गं?' आणि लावलंच बोट! भिंत नासवलीत म्हणून मी किती बोलायचे." काकू हसल्या. "धीर म्हणून नव्हताच त्यांना. जातानाही माझ्यासाठी थांबले नाहीत."

रंगाऱ्यानं त्या ठशाभोवती खडूनं चौकट आखली.

महिन्याभरात सगळा बंगला पुन्हा सासऱ्यांच्या वेळचा, सायीच्या रंगाचा झाला. रंगारी सामान आवरून गेला. काकू दाराशी आल्या आणि चौकटीतल्या निळ्या ठशात त्यांनी आपलं बोट अलगद ठेवलं.

"वाळला हो," त्या हळूच म्हणाल्या.