क्लबची खूण

मसाका गावच्या सेवा क्लबचे अध्यक्ष सेबुन्या यांना भाषणाची भारी हौस. क्लब गावातल्या पाच संस्थांना मदत करतो. चार ठिकाणी त्यांचं भाषण सुरू झालं की लोक पेंगतात, पण मूकबधिर शाळेतली पोरं मात्र टक लावून बघत बसतात. म्हणून ही शाळा त्यांची लाडकी.

"बाई, ही मुलं प्रत्येकाला हातांच्या भाषेत एक नाव देतात ना?" शाळेला पाण्याची टाकी देऊन झाल्यावर त्यांनी तिथल्या शिक्षिका नालुबेगाबाईंना विचारलं. "आमच्या क्लबचं काय ठेवलंय?"

बाई घुटमळल्या. "राहू द्या ना, अध्यक्षसाहेब."

"अहो, सांगा की! आम्ही काय परके आहोत?"

बाईंनी खूण करताच पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. तिने पोट आत ओढलं, छाती काढली, बत्तिशी दाखवली आणि श्वास रोखून तशीच उभी राहिली.

"फोटोच्या वेळी तुम्ही सगळे असेच..." बाई पुटपुटल्या.

"अरे देवा! आणि मी समजत होतो, कुणाच्या लक्षातच येत नाही!" सेबुन्या खो-खो हसले. आज साधंच उभं राहायचं, त्यांनी ठरवून टाकलं. तेवढ्यात फोटोवाल्याने कॅमेरा उचलला आणि उकडलेल्या केळ्यांचे मटोके खाऊन सुटलेलं त्यांचं पोट सवयीने आपोआप आत गेलं.



चाळीस पोरांनी आनंदाने हात हवेत नाचवले: पाहुण्यांना अखेर त्यांच्या भाषेतला एक शब्द बोलता आला होता.