उजवा जबडा

विजयसिंहाचा जबडा उजव्या बाजूने सुजला होता. तो आपणच सुजवला, असे शिवकन्या सांगत होती. आणि शिवकन्या उजव्या हाताने लिहीत असे, उजव्या हाताने जेवत असे आणि वडिलांच्या दुकानातला तराजूही उजव्याच हाताने उचलत असे.

लिंबागणेशच्या ग्रामपंचायतीच्या ओसरीवर सकाळीच माणसे जमली होती. विजयसिंहाचे वडील मोहनराव खुर्चीत बसले होते. त्यांच्या शब्दापुढे गावात सहसा कोणी जात नसे. समोर बंकट उभा होता. जत्रेत आलेल्या सिनेमाच्या तंबूत तो यंत्र चालवी. तो डावखुरा होता, आणि आदल्या संध्याकाळी विजयसिंहाचे त्याच्याशी वाजले होते.

“पिक्चर भंगार हाय म्हणलो, तर यानं अंधारात समोर येऊन मारलं,” विजयसिंह म्हणाला.

पिक्चर भंगार होता, याबद्दल दुमत नव्हते. बीडच्या स्टँडजवळ नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रात जी मारामारी चाले, तिच्यावरून तो काढलेला होता. पहिल्या भागाने गेल्या जत्रेत तंबू भरून टाकला होता. या दुसऱ्या भागात नट बदलले होते, राक्षसांचे रबर दिसत होते आणि उडणाऱ्यांच्या कमरेच्या दोऱ्याही. पुरुष मध्यंतरालाच शिव्या देत उठत. बायकांच्या बाजूची गर्दी मात्र रोज वाढत होती. या भागात एक नवी नायिका होती. ती प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहते आणि शिष्यांना एकच ठोसा पुन्हा पुन्हा मारून दाखवते.

“बंकटनं न्हाई, मी मारलं,” शिवकन्या म्हणाली. “तंबूमागं यानं माझं मनगट धरलं. सोड म्हणलं. सोडलं न्हाई.”

“गप बस माय,” तिचे वडील मन्मथप्पा खालच्या आवाजात म्हणाले. “तुला कुणी इचारलंय का?”

“कुणी इचारना, म्हणूनच सांगायलेय.”

विजयसिंह हसला, हसताना दुखले म्हणून त्याने गाल धरला. मित्रांकडे वळून म्हणाला, “पोरीच्या हातचा मार खाईन का बे मी?”

“मग ऱ्हा की उभा. पुन्यांदा मारून दाखवते, समद्यांसमोर.”

मागे कोणीतरी फिस्सकन हसले. मोहनरावांनी हात वर केला.

“बास. गावात आधीच लई शोभा झाली. सर, तुमी सायन्सवाले. तुमीच सांगा खरं काय ते.”

सुंदरराव हायस्कुलात विज्ञान शिकवत. याच वर्षी ते लातूरहून बदलून आले होते. ऐकीव गोष्टीवर ते विश्वास ठेवत नसत, आणि मोहनरावांना घाबरतही नसत. त्यांनी विजयसिंहाची हनुवटी धरून जबडा उजेडाकडे फिरवला.

“मारणारा समोर होता, हे नक्की?”

“नक्की.”

“मग ठोसा डाव्या हाताचा आहे.” ते शिवकन्येकडे वळले. “ठोसा मारायला कुठे शिकलीस?”

“पिक्चरमधी. रोज बघायचे आन् घरी येऊन पोत्यावर मारायचे.”

“त्या चित्रपटातला ठोसा उजव्या हाताचा आहे. मी स्वतः पहिल्या रांगेत बसून पाहिला आहे.”

“डाव्या हाताचा हाय, सर.”

“तुझी चूक होते आहे.”

“तुमची.”

शिवकन्येची आई बसम्मा खांबाजवळून म्हणाली, “पोरगी खोटं बोलत न्हाई, सर.”

“ती बंकटला वाचवण्यासाठी बोलते आहे,” सुंदरराव म्हणाले. “हेतू चांगला आहे. विधान चुकीचे आहे. मात्र त्यावरून बंकटनेच मारले, असेही सिद्ध होत नाही.”

शेवटचे वाक्य कोणी ऐकले नाही. मोहनराव उठले होते. “आजचा खेळ होऊ द्या. मग याला पोलिसात देऊ. खेळ बुडवून गावाचा फुकट राग नको.”

“मलाबी घाला गाडीत,” शिवकन्या म्हणाली. “माझं केलेलं दुसऱ्याच्या नावावर काहून लावता?”

मन्मथप्पांनी तिला दंडाला धरून पायऱ्या उतरवल्या. खालच्या पायरीवर तिने दंड सोडवून घेतला आणि एकटी चालत गेली.

दिवसभर सुंदररावांना ते एकच उत्तर बोचत राहिले. ‘तुमची.’ जे तपासून पाहता येते, त्यावर वाद घालणे त्यांना अशोभनीय वाटे. तिच्याच शेजारी बसून तो ठोसा तिला दाखवावा, म्हणजे ती हट्ट सोडेल, असे ठरवून संध्याकाळी ते तंबूकडे गेले. पुरुषांच्या दाराशी पोलिसांची जीप उभी होती. बायकांचे दार तंबूच्या दुसऱ्या टोकाला होते. तिथे बसम्माने त्यांना अडवले.

“सर, ही बायांची बाजू हाय.”

“माहीत आहे. तुमच्या मुलीला एक गोष्ट दाखवायची आहे. ती दाखवली की लगेच जातो.”

बायका कुजबुजत सरकल्या. शिवकन्येने मान न वळवता शेजारी जागा करून दिली. रबरी राक्षस येऊन गेले. दोऱ्यांवरची माणसे उडाली. मग नायिका पाठमोरी उभी राहिली, शिष्य थांबले, आणि तिने ठोसा मारला.

सुंदररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तिने पुन्हा मारला.

“सांगा आता, सर,” शिवकन्या म्हणाली. “कोणता हात?”

“डावा,” सुंदरराव म्हणाले, आणि जीप निघण्याआधी मोहनरावांना गाठण्यासाठी उठले; तंबूच्या मधोमध सिनेमाचा पातळ कापडाचा एकच पडदा होता, पुरुष त्याच्या पुढे बसत आणि बायका मागे, आणि मागून पाहणाऱ्याला प्रत्येक उजवा हात डावा दिसतो.