नवशिक्यांची चिप

हिमाचलात, धरण नसलेल्या नदीवर होणाऱ्या कयाक स्पर्धेसाठी मृदुलाची निवड झाली होती. ते पत्र घेऊन ती धावतच भावाकडे धरणाच्या वीजघरावर आली, जिथे तो कामाला होता. अविनाशदादाने पत्र वाचलं आणि घडी करून स्वतःच्याच खिशात घातलं.

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

"का?"

"नवशिक्यांच्या जॅकेटात चिप असते ना? त्यांचा तोल गेला की आपल्या नदीच्या पात्रात बसवलेल्या झडपा तिथलं पाणी शांत करतात; हिमाचलात तशा झडपा नाहीत. तुझ्याही जॅकेटात आहे. प्रत्येक नव्या जॅकेटात मीच शिवत आलोय."

मृदुलाला आधी हसूच आलं. "कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली. बाबा गेल्यावर आईला तुझी फार धास्ती वाटायची."

"आणि माझी पदकं?"

दादा टेबलावरचे कागद सारखे करू लागला. तिने अंगातल्या जॅकेटाचं अस्तर टराटरा फाडलं, चिप त्याच्या टेबलावर ठेवली आणि नदीकडे निघाली. तो हाका मारत मागे धावला.

धरणाखालच्या पहिल्याच वळणावर कयाक उलटली. डोळे मिटून पार करता येईल असं ती ज्याला म्हणायची, तेच हे वळण. पाण्याने तिला दोनदा खडकावर आपटलं. कशीबशी ती काठाला लागली, तेव्हा गुडघ्यातून रक्त वाहत होतं.

दादाने हात पुढे केला. "चिप लाव परत. ऐक माझं."

"तुझं ऐकूनच वाढले मी," मृदुला म्हणाली. त्याचा हात न घेताच ती उठली, कयाक खांद्यावर घेतली आणि लंगडत पुन्हा धरणाच्या दिशेने चढू लागली.