मागच्या सीटवरची मिरज

मिरजेत निम्मा जन्म काढूनही कुमुदिनीबाईंना हाडांच्या डॉक्टरांचा दवाखाना नेमका कुठे आहे ते सांगता येईना. कसं येणार? सगळं गाव त्यांनी दिगंबररावांच्या स्कूटरवर मागे, एका बाजूला पाय सोडून बसून पाहिलेलं. दुकानं ओळखीची, पण वळणं सगळी नवऱ्याच्या डोक्यात. आता त्याचाच पाय प्लास्टरमध्ये, आणि गोळ्या संपलेल्या.

विचारत विचारत त्या दवाखान्यात पोचल्या, पण परतताना भलत्याच बोळात शिरल्या. तिथे दारोदारी भलेमोठे भोपळे टांगलेले. एक म्हातारे कारागीर एकेकाला टिचकी मारून कान लावत होते.

"तंबोऱ्याचे आहेत," ते म्हणाले. "वाळला की बोलतो, ओला असला की गप्प. वाजवून बघा की."

बाईंनी एक वाजवला, मग दुसरा. फरक कळेपर्यंत त्या काही तिथून हलल्या नाहीत.

"अगं, किती उशीर! वाट चुकलीस ना?" दिगंबरराव दारातच नजर लावून बसले होते.

"चुकले की!" गोळ्या ठेवून बाईंनी प्लास्टरवर टिचकी मारली आणि कान लावला. "हा अजून गप्पच आहे. बोलायला लागला की चला माझ्या मागून. तिथे तुमची स्कूटर मावत नाही."