कार्ड नंबर तीनशे सतरा

ताईनं गोगलगायीच्या पुस्तकामागच्या चिठ्ठीवर कार्ड नंबर लिहून तारखेचा शिक्का उमटवला, ओल्या शाईवर फुंकर घातली आणि पुस्तक जिथून काढलं होतं तिथंच परत ठेवलं. मग शेजारचं काढलं. गांडुळाचं.

"आज कोण नेतंय?" मावशीनं दारातून विचारलं. ग्रंथालय झाडणं-पुसणं मावशीकडे होतं, ताई इथं नोकरीला लागायच्या आधीपासून.

"तीनशे सतरा नंबर."

"वाचते हो पोर," म्हणत मावशीनं झाडू भिंतीला टेकवला आणि फडकं झटकलं.

ताई गालातल्या गालात हसली. तीनशे सतरा नंबरचं कार्ड होतं, पोर कुठं होती? नाव मनातलं, वय आठ, पत्ता अर्धा खरा. नियमच तसा होता: वर्षभरात एकदाही घरी न गेलेलं पुस्तक रद्दीत. आणि खिडकीखालच्या खालच्या फळीवर गोगलगाय, मुंगी, सुरवंट, कोळी, काजवा अशी एकेचाळीस पुस्तकं होती, नोकरीच्या पहिल्या वर्षी ताईनं एकेक निवडून आणलेली. पोरांना आता डायनासोर हवे असत. "मेलेले चालतात, पण मोठे पाहिजेत," ताई म्हणायची. मुठीत मावणाऱ्या जिवाकडे बघायला कुणाला सवड नव्हती. म्हणून ताईनं कागदावर एक लेक जन्माला घातली आणि दर आठवड्याला दोन पुस्तकं तिच्या पदरात टाकली.

लबाडी होती खरी. पण ती केल्यावर चहा गोड लागायचा.

कणे सुटलेली पुस्तकं ती दुपारी खळ लावून डकवत बसे. गोगलगायीचं तर तिला तोंडपाठ होतं.

*घर माझं पाठीवरी, कुलूप ना किल्ली बाई,*
*उशीर झाला तरी वाट माझी रुसत नाही.*

"मावशी, झाडू बदला हो तुमचा," ती एकदा म्हणाली होती. "काड्या गळतात. ह्या बघा, पानापानात."

"बदलते की."

नवा झाडू आला. काड्या गळायच्या थांबल्या नाहीत. ताईनं उचलून टाकायच्या, दोन दिवसांनी पुन्हा कुठल्यातरी पुस्तकात एखादी हजर.

आणि ती फळी पुसायला मावशीला लागायचा तास. बाकीचं ग्रंथालय अर्ध्या तासात लख्ख. ह्या फळीपाशी मात्र ती चष्मा चढवून बैठक मारायची.

"पुसायला चष्मा कशाला, मावशी?"

"बारीक धूळ बारीक नजरेलाच दिसते."

"गोगलगाय बरी तुमच्यापेक्षा!"

"मग? तिचीच तर पुस्तकं. दांडगाईनं पुसून चालेल?"

महिन्याच्या एक तारखेला मावशी हजेरीच्या वहीपुढे उभी राहून अंगठा उमटवायची. सुरुवातीला एकदा ताईनं सही शिकवते म्हणून पेन पुढे केलं होतं. "आता कशाला?" मावशी हसली होती. "अंगठा काही झिजला नाही अजून." ताईनंही पुन्हा विषय काढला नाही.

गुरुवारी तपासनीस साहेब आले. मुलांच्या खोलीत मोठी खुर्ची नव्हती, म्हणून ते एका चिमुकल्या खुर्चीत बसले. गुडघे कानाशी आले. माणूस वाईट नव्हता, कामाला चोख होता. त्यांनी एकेचाळीस पुस्तकं टेबलावर रचली आणि चिठ्ठ्या पाहत गेले.

"बाई, सगळीकडे तीनशे सतरा. दुसऱ्या कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही?"

"तिला आवड आहे, साहेब."

"मग भेटवा तिला. सहज दोन प्रश्न विचारतो."

"आज... शाळा असेल."

"नोंदवही पाहून कालच पत्त्यावर माणूस पाठवला होता मी. त्या नंबरचं घरच नाही गल्लीत."

साहेबांनी आवाज चढवला नाही. तेच ताईला जास्त लागलं.

"उद्या सकाळी रद्दीची गाडी येतेय," ते म्हणाले. "वाचणारी दाखवा, फळी राहील. नसेल दाखवता येत, तर फळी जाईल आणि खोट्या शिक्क्यांचं मला वर कळवावं लागेल."

"साहेब, मला विचारा ना! ओळ न् ओळ येते मला."

"तुम्हाला येणारच हो. तुम्ही ग्रंथपाल. पुस्तक कुणीतरी वाचावं लागतं, बाई. नुसतं जपून ते जगत नाही."

ताईनं खिडकीखालच्या मोकळ्या फळीकडे पाहिलं. लाकडावर चाळीस-एकेचाळीस कण्यांच्या फिकट रेघा उमटल्या होत्या. बाहेर मोरीवर मावशी बादली विसळत होती, तिच्या तोंडात नेहमीची गुणगुण होती.

आता खरं सांगून टाकावं. निदान पुस्तकांसमोर तरी खोटं बोलू नये.

"साहेब," ती म्हणाली, "ते कार्ड मीच..."

साहेबांचं लक्ष नव्हतं. गोगलगायीचं पुस्तक त्यांच्या हातात मधोमध उघडलं होतं आणि पानांच्या बेचक्यात झाडूची एक काडी आडवी पडली होती.

"हा काय कचरा," म्हणत त्यांनी ती चिमटीत धरली.

"अहो साहेब, राहू द्या ती तिथंच!" मावशी ओल्या हातानं दारात उभी होती. "गोगलगाय कुंपणाशी पोचलीय आणि पलीकडं बदक बसलंय. पुढचं पान व्हायचंय माझं."